रोमच्या वाटा आणि यात्रेकरूची पथारी

परगावी गेलेल्या माणसापुढे दोन प्रश्न उभे राहतात. रात्री अंग कोठे टाकावे, आणि सकाळी उठून कोणत्या वाटेने जावे? पदरी पैसा असेल तर हे प्रश्न फारसे टोचत नाहीत. पैसा मोजका असेल तर मात्र देवदर्शनाच्याही आधी ते मनात घोळत राहतात. रोम नगरीचा इतिहास सामान्यतः सम्राटांच्या, पोपमहोदयांच्या आणि कलावंतांच्या नावांनी सांगितला जातो. त्यात गैर काही नाही. तथापि त्याच नगरीचा इतिहास या दोन साध्या प्रश्नांच्या अंगानेही सांगता येतो. कारण रोममधील कितीतरी पूल, हमरस्ते, चौक आणि मठ हे परगावाहून थकून आलेल्या माणसाची सोय पाहता पाहता उभे राहिले आहेत.

वसई, मुंबई, गोवा येथील आपल्या लोकांनाही आता रोमची वाट परकी राहिलेली नाही. निघण्याआधी मंडळी आमच्याकडे आशीर्वादासाठी येतात आणि आशीर्वाद घेऊन झाल्यावर हळूच विचारतात, "फादर, तिथे स्वस्तात राहायची सोय कुठे होईल? एका देवळातून दुसऱ्या देवळात जायचे कसे?" या प्रश्नांत संकोच वाटावा असे काही नाही. सातशे वर्षांपूर्वीचे यात्रेकरूही हेच विचारीत होते. आणि त्यांना जी उत्तरे मिळाली त्यांवरून त्या त्या काळच्या ख्रिस्ती समाजाची पारख करता येते. ती पारख करावी, या हेतूने हा लेखनप्रपंच.

पहिल्या धर्मशाळा

संत पेत्र यांच्या कबरीचे दर्शन घेण्यासाठी सातव्या-आठव्या शतकांत उत्तर युरोपातून लोकांची रीघ लागली. आल्प्स पर्वत ओलांडून आलेल्या या लोकांसाठी तिबेर नदीच्या पलीकडे, संत पेत्र महामंदिराच्या आसपास, त्या त्या जमातीच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यांना 'स्कोला' असे म्हणत. सॅक्सन, फ्रीजियन, फ्रँक आणि लाँबार्ड या चार लोकांच्या स्कोला प्रसिद्ध होत्या. वेसेक्सचा राजा इने याने ७२६ मध्ये राज्यत्याग करून रोमची वाट धरली. सॅक्सनांची स्कोला त्यानेच स्थापन केली, अशी परंपरा सांगते. या परदेशी लोकांच्या भाषेतील 'बुर्ग' या शब्दावरून त्या भागाला 'बोर्गो' हे नाव पडले आणि ते आजतागायत टिकून आहे.

कँटरबरीचे आर्चबिशप सिगेरिक ९९० मध्ये रोमला आले. त्यांच्या परतीच्या वाटेवरील सुमारे ऐंशी मुक्कामांची यादी आज उपलब्ध आहे. 'फ्रांचिजेना' या नावाने ओळखली जाणारी प्राचीन यात्रावाट संशोधकांनी मुख्यतः याच यादीच्या आधारे पुन्हा जुळविली. रोममधील अल्प मुक्कामात सिगेरिक यांनी वीसहून अधिक मंदिरांना भेटी दिल्या, असे त्याच नोंदीवरून दिसते. आजच्या सहल कंपन्यांनीही हेवा करावा असा हा वेग!

सॅक्सनांच्या त्याच जागी पोप तिसरे इनोसंट यांनी बाराव्या शतकाच्या अखेरीस एक मोठे रुग्णालय स्थापन केले. 'सास्सियातील पवित्र आत्म्याचे रुग्णालय' या त्याच्या नावात सॅक्सनांची आठवण अद्याप शिल्लक आहे. आज आपण रुग्णालय म्हणतो तेव्हा रोगी डोळ्यांपुढे येतो. त्या काळी रोगी, अनाथ, भिकारी आणि वाटसरू असे सारेच तेथे येत. लॅटिन भाषेत 'होस्पेस' असा एक शब्द आहे. पाहुणा आणि यजमान असे त्याचे दोन्ही अर्थ होतात. 'हॉस्पिटल' आणि 'हॉटेल' हे दोन्ही शब्द याच एका मुळातून फुटले. एकाच मुळाच्या या दोन फांद्या पुढे किती दूर गेल्या! एका फांदीवर पाहुणा हा प्रभूने धाडलेला अतिथी राहिला, तर दुसरीवर तो गिऱ्हाईक झाला. रोमचा उत्तरकालीन इतिहास या दोन फांद्यांमधील ओढाताणीचा इतिहास आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ज्युबिली आणि महागलेली खाट

१३०० साली पोप आठवे बोनिफेस यांनी पहिले ज्युबिली वर्ष जाहीर केले. पश्चात्ताप आणि पापनिवेदन करून रोमच्या रहिवाशांनी तीस दिवस, आणि बाहेरून येणाऱ्यांनी पंधरा दिवस, संत पेत्र आणि संत पौल यांच्या महामंदिरांचे दर्शन घ्यावे, म्हणजे त्यांना पूर्ण दंडमोचन लाभेल, अशी ही घोषणा होती. वाचकांनी यातील व्यवहाराची बाजू ध्यानात घ्यावी. पंधरा दिवस दर्शन म्हणजे पंधरा रात्रींचा मुक्काम! त्या वर्षी स्वतः रोमला आलेला फ्लॉरेन्सचा इतिहासकार जोव्हान्नी व्हिल्लानी लिहितो की, वर्षभर कोणत्याही दिवशी शहरात दोन लक्ष यात्रेकरू असत. त्याच्या आकड्यात थोडी अतिशयोक्ती धरली तरी शहरावर पडलेल्या भाराची कल्पना येते.

नदी ओलांडून संत पेत्र महामंदिराकडे जाण्यास संत आंजेलो हा एकच सोयीचा पूल होता. चेंगराचेंगरी टाळण्यासाठी त्या पुलाचे लांबीच्या दिशेने दोन भाग करण्यात आले. जाणाऱ्यांनी एका अंगाने जावे, येणाऱ्यांनी दुसऱ्या अंगाने यावे. दान्तेने आपल्या महाकाव्याच्या नरकखंडात, अठराव्या सर्गात, या व्यवस्थेचा दाखला दिला आहे. नरकात परस्परविरुद्ध दिशांनी चालणाऱ्या पाप्यांच्या रांगा कशा दिसत होत्या हे सांगताना त्याला रोमच्या पुलावरील यात्रेकरू आठवले! रहदारीच्या नियमाची याहून वाङ्मयीन नोंद आमच्या पाहण्यात नाही.

राहण्याची सोय कशी होती? आस्ती गावचा गुल्येल्मो व्हेंतुरा हा त्या वर्षी रोमला आला होता. त्याने लिहून ठेवले आहे की, भाकरी, द्राक्षारस, मांस आणि मासळी बऱ्यापैकी भावात मिळत असे. परंतु घोड्याचे गवत फार महाग होते आणि मुक्कामाची जागा तर त्याहूनही महाग. स्वतःची खाट आणि घोड्याची जागा यांसाठी त्याला दिवसाला एक चांदीचे नाणे मोजावे लागले, आणि चारापाणी त्यात धरलेले नव्हते. संत पौल यांच्या वेदीपाशी दोन धर्मसेवक रात्रंदिवस दंताळ्याने नाणी ओढीत होते, हेही याच व्हेंतुराने नोंदविले आहे. एकाच लेखकाच्या या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या की मन थोडे अस्वस्थ होते.

१३५० च्या ज्युबिलीत ही अस्वस्थता अधिकच वाढते. त्या वेळी पोप आव्हिन्यों येथे होते आणि दोनच वर्षांपूर्वी प्लेगने युरोप उजाड केला होता. तरीही यात्रेकरू आले. जोव्हान्नीचा भाऊ मात्तेओ व्हिल्लानी लिहितो की, त्या वर्षी सारे रोमन खाणावळवाले झाले. त्यांनी आपली घरे यात्रेकरूंना भाड्याने दिली, दर मनास येईल तसे चढविले, आणि बाहेरचे धान्य व द्राक्षारस शहरात येऊ न देता भाव चढेच ठेवले. 'सारे रोमन खाणावळवाले झाले' ही नोंद वाचकांनी लक्षात ठेवावी. तिच्याकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

अडचणीतून उगवलेली दया

अशा वेळी लोकांनीच मार्ग काढला. १३६२ मध्ये रोममधील इंग्रज रहिवाशांनी आपल्या देशाच्या गरीब यात्रेकरूंसाठी एक घर विकत घेतले. ते विकणारा मनुष्य जपमाळा विकून उदरनिर्वाह करणारा होता. याच घराचे १५७९ मध्ये इंग्रज गुरुविद्यालयात रूपांतर झाले. जर्मन लोकांची 'सांता मारिया देल्लानिमा' ही धर्मशाळाही याच शतकातली. दोर्द्रेख्त गावच्या एका दांपत्याने तिच्यासाठी आपली घरे दिली. पुढे पोर्तुगीजांची संत अंतोनी यांच्या नावाची, कास्तील प्रांताच्या लोकांची नावोना चौकातील, आणि थेट संत पेत्र महामंदिराच्या पाठीशी इथियोपियाच्या संन्याशांची, अशी घरे झाली. माणूस हजार कोसांवरून येई आणि दारात आपली भाषा ऐकू आली की त्याचा जीव भांड्यात पडे.

स्वीडनच्या संत ब्रिजिता याच सुमारास रोमला आल्या आणि १३७३ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. आजच्या फार्नेसे चौकातील त्यांचे राहते घर पुढे स्वीडिश यात्रेकरूंचे आश्रयस्थान झाले. मधल्या काळात ते अनेक हातांत गेले; परंतु विसाव्या शतकात संत मारिया एलिझाबेथ हेसेलब्लाद यांच्या प्रयत्नाने ते ब्रिजितीन धर्मभगिनींकडे परत आले, आणि तेथे आजही पाहुणे उतरतात.

१४५० च्या ज्युबिलीत संत आंजेलो पुलानेच बळी घेतले. १९ डिसेंबर रोजी सायंकाळी दोन्ही बाजूंनी गर्दी लोटली, एक खेचर बिथरले आणि चेंगरून व नदीत पडून दीडशेहून अधिक माणसे मरण पावली. पोप पाचवे निकोलस यांनी पुलाच्या तोंडाशी असलेली दुकाने व घरे पाडून वाट मोकळी केली आणि मृतांच्या स्मरणार्थ तेथे दोन लहान प्रार्थनागृहे बांधविली. पुढे १४७५ च्या ज्युबिलीच्या सुमारास पोप चौथे सिक्स्टस यांनी नदीवर दुसरा पूल बांधला. 'पोन्ते सिस्तो' हा तो पूल. आज प्रवासी तेथे सूर्यास्त पाहण्यासाठी थांबतात. त्याच्या पायाशी एका चेंगराचेंगरीची आठवण आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

सराया, पाट्या आणि भाड्याच्या खोल्या

१४५० मध्येच फ्लॉरेन्सचा व्यापारी जोव्हान्नी रुचेल्लाई रोमला आला होता. बाहेर पाटी असलेल्या १०२२ सराया शहरात असल्याचे त्याने नोंदविले. पाटी नसलेल्या घरांची तर गणतीच नव्हती. या पाट्यांवर अक्षरांऐवजी चित्रे असत. अस्वल, सूर्य, गाय अशा खुणा पाहून निरक्षर यात्रेकरूही आपला मुक्काम ओळखीत असे. 'काम्पो दे फियोरी' या चौकाभोवती अशा सरायांची दाटी होती. त्यांतील 'गाय' नावाची सराय व्हान्नोत्झा कात्तानेई या स्त्रीच्या मालकीची होती. पोप सहावे आलेक्झांडर यांच्या अपत्यांची ती माता. इतिहास लिहिताना अवघड जागा झाकून ठेवू नयेत, म्हणून हे नमूद करतो. उतारवयात तिने आपल्या मिळकतीतून रोमच्या रुग्णालयांना मोठ्या देणग्या दिल्या, हेही नमूद करणे न्यायाचे होईल.

फ्रेंच लेखक माँतेन्य १५८० च्या नोव्हेंबरअखेर रोमला पोहोचला तेव्हा प्रथम 'अस्वल' या सरायीत उतरला. दोन दिवसांतच त्याने जवळपास भाड्याने खोल्या घेतल्या. तीन शयनगृहे, एक दिवाणखाना, कोठीघर, तबेला व स्वयंपाकघर यांसाठी महिना वीस स्कूदी, आणि आचारी व चुलीचे सरपण घरमालकाकडून! सरायीपेक्षा घरगुती खोली परवडते, हा धडा प्रवाशांनी तेव्हाच गिरविला होता. दोन शतकांनंतर १७८६ मध्ये जर्मन कवी गटे रोमला आला, तोही खोटे नाव धारण करून, कोर्सो रस्त्यावर चित्रकार मित्राच्या बिऱ्हाडातच राहिला. या काळात प्रवासाचेही ठोक सौदे होऊ लागले. 'व्हेत्तुरिनो' म्हणजे भाड्याचा गाडीवान. त्याच्याशी एकदा रक्कम ठरली की गाडी, वाटेतील रात्रीचे जेवण आणि खाट हे सारे त्यात येई. आज 'पॅकेज टूर' म्हणून जे विकले जाते, त्याचा हा पूर्वज.

संत फिलिप नेरी आणि सिक्स्टस यांचे रस्ते

ज्याच्याकडे भाड्यापुरतेही पैसे नव्हते, त्याचे काय? या प्रश्नाला सोळाव्या शतकात संत फिलिप नेरी यांनी उत्तर दिले. १५४८ मध्ये, धर्मगुरू होण्यापूर्वीच, त्यांनी आपल्या गुरूच्या साहाय्याने 'परमपवित्र त्रैक्य' या नावाचा बंधुसंघ स्थापन केला. १५५० च्या ज्युबिलीत या संघाने गरीब यात्रेकरूंना निवारा देण्यास आरंभ केला. १५७५ च्या ज्युबिलीपर्यंत या कार्याचा इतका विस्तार झाला की त्या एका वर्षात लक्षाहून अधिक यात्रेकरू तेथे राहून व जेवून गेले. सरदार आणि कार्डिनल येथे कंबरेला फडके बांधून पंगतीत वाढीत आणि चिखलाने माखलेले पाय धूत. १६०० साली पोप आठवे क्लेमंट यांनी स्वतः येथे यात्रेकरूंचे पाय धुतले. त्यानंतर थोड्याच वर्षांत काराव्हाज्जोने संत आगुस्तीन मंदिरात मरियामातेचे एक चित्र काढले. मातेपुढे दोन वृद्ध यात्रेकरू गुडघे टेकून आहेत आणि त्यांचे मळके तळवे थेट पाहणाऱ्याकडे वळलेले आहेत. कित्येकांना ते अशोभनीय वाटले. रोमने ज्या पायांची सेवा केली ते पाय वेदीवर का येऊ नयेत, असे आम्हास वाटते.

रोमभर फिरावे कसे, याचेही उत्तर संत फिलिप यांनी दिले. सात मंदिरांची पायी यात्रा जुनीच होती; तिला त्यांनी सामुदायिक रूप दिले. संत पेत्र, संत पौल, संत सबास्तियन, लातेरान येथील संत योहान, पवित्र क्रूस, संत लॉरेन्स आणि सांता मारिया माज्जोरे अशी सुमारे वीस किलोमीटरची ही फेरी. वाटेत गाणी, प्रार्थना, आणि एका बागेत सर्वांना भाकरी, अंडी, चीज, फळे व थोडा द्राक्षारस. या फेरीत खर्च थोडा होई, आणि सरदार व मजूर एकाच सावलीत बसून जेवत.

पुढे १५८५ ते १५९० या अवघ्या पाच वर्षांत पोप पाचवे सिक्स्टस यांनी याच यात्रेला दगडी रूप दिले. मंदिरापासून मंदिरापर्यंत त्यांनी सरळ रस्ते आखले. टेकडीवरील त्रैक्याच्या मंदिराकडून सांता मारिया माज्जोरेपर्यंत आणि तेथून पवित्र क्रूसाच्या मंदिरापर्यंत जाणारा 'फेलिचे' रस्ता त्यांतील प्रमुख. मिसर देशातून सम्राटांनी आणलेले पाषाणस्तंभ त्यांनी मंदिरांपुढील व वेशीजवळील चौकांत उभे केले. १५८६ मध्ये संत पेत्र चौकात, १५८७ मध्ये सांता मारिया माज्जोरेपाशी, १५८८ मध्ये लातेरान येथे, आणि १५८९ मध्ये उत्तरेच्या वेशीपाशी. पहिला स्तंभ हलविण्यास दोमेनिको फोंताना या स्थापत्यकाराला सुमारे नऊशे माणसे लागली. या स्तंभांचा उपयोग केवळ शोभेचा नव्हता. अनोळखी यात्रेकरूने मान वर करावी, दूरवर स्तंभ दिसावा, आणि नकाशावाचून, भाषेवाचून त्याने त्या दिशेने चालू लागावे, अशी ती योजना होती. आजही रोममध्ये वाट चुकल्यास याच स्तंभांनी वाट सापडते.

आमचा एक देशबांधव आणि एक निराश्रित

राष्ट्रांच्या धर्मशाळांची जी यादी आम्ही वर दिली तीत भारताचे नाव नाही. परंतु १६२५ मध्ये गोव्याच्या दिवाडी बेटावरील एक तरुण खुष्कीच्या मार्गाने रोमला पोहोचला. मातेउस दि कास्त्रो हे त्याचे नाव. गोव्यात देशी माणसाला गुरुदीक्षेची दारे सहजी उघडत नव्हती. रोमने ती उघडली. धर्मप्रसार मंडळाच्या छत्राखाली त्याने शिक्षण घेतले, गुरुदीक्षा घेतली, आणि १६३७ मध्ये तो बिशप झाला. विजापूरच्या आदिलशाही मुलखाचे धर्मकार्य त्याच्याकडे सोपविण्यात आले. १६२७ मध्ये पोप आठवे उर्बन यांनी मिशन प्रदेशांतील तरुणांसाठी स्पॅनिश चौकात गुरुविद्यालय स्थापन केले. पुढे ते यानिकुलुम टेकडीवर गेले, आणि आपल्याकडील अनेक धर्मगुरू तेथे शिकून आले.

याच नगरीत दुसरे एक चित्र आहे. फ्रान्सचे संत बेनेदिक्त जोसेफ लाब्र हे यात्रेकरू म्हणून आले आणि भिकारी म्हणून राहिले. कोलोसियमच्या भग्न कमानींखाली त्यांनी कित्येक रात्री काढल्या. १६ एप्रिल १७८३ रोजी एका मंदिराच्या पायऱ्यांवर ते कोसळले तेव्हा शेजारच्या एका खाटकाने त्यांना उचलून आपल्या घरी नेले. त्यांना मरणकाळी खाट मिळाली ती त्या खाटकाची. १८८१ मध्ये त्यांना संत घोषित करण्यात आले.

आगगाडी, नवे रस्ते आणि जुना प्रश्न

१८५६ मध्ये रोमहून फ्रास्काती गावी पहिली आगगाडी धावली. थोड्याच दशकांत तेर्मिनी स्थानकाभोवती स्वस्त निवासांची वस्ती उभी राहिली. ती आजही आहे. १९३६ मध्ये संत पेत्र महामंदिरासमोरील बोर्गोची जुनी घरे पाडण्यास सुरुवात झाली आणि १९५० च्या ज्युबिलीपर्यंत 'कोन्चिल्यात्सिओने' हा रुंद रस्ता तयार झाला. यात्रेकरूंना महामंदिराचे दर्शन दुरून होऊ लागले खरे. पण तेथील रहिवाशांना शहराच्या कडेला जावे लागले. पाहुण्यासाठी रस्ता रुंद करताना यजमानालाच बेघर करावे काय, हा प्रश्न त्या रस्त्यावरून चालताना आमचा पाठलाग करतो.

१९५५ मध्ये भुयारी रेल्वेचा पहिला मार्ग आणि १९८० मध्ये दुसरा सुरू झाला. तिसरा २०१४ पासून टप्प्याटप्प्याने होत आहे. रोमच्या पोटात जेथे खणावे तेथे इतिहास लागतो, म्हणून या मार्गांची गती मंद. २०२५ च्या ज्युबिलीसाठी संत आंजेलो किल्ल्याजवळ वाहनांचा रस्ता जमिनीखाली नेण्यात आला आणि वर चालणाऱ्यांसाठी चौक मोकळा झाला. तेथेही खोदकामात सम्राट कालिगुलाच्या बागेचे अवशेष मिळाले. चालणाऱ्याला वाट मोकळी करून देणे हे निकोलस आणि सिक्स्टस यांचेच काम पुढे चालू राहिल्याचे लक्षण आहे.

निवाऱ्याचे मात्र तसे नाही. अलीकडच्या वर्षांत रोमच्या जुन्या भागातील घरे महिन्याच्या भाड्याऐवजी रात्रीच्या भाड्याने पाहुण्यांना दिली जाऊ लागली, आणि तेथील सामान्य कुटुंबांना घर मिळणे दुरापास्त झाले. दारांच्या गजांना किल्लीच्या लहान पेट्या लटकू लागल्या. पाहुणा येतो, आकडे फिरवून किल्ली काढतो, आणि यजमानाचे तोंडही न पाहता निघून जातो. २०२४ मध्ये या पेट्यांविरुद्ध शहरात निषेध झाला आणि पाहुण्याची ओळख समक्ष पटवून घ्यावी, असे सरकारने फर्माविले. मात्तेओ व्हिल्लानीची १३५० ची नोंद येथे पुन्हा आठवते. फरक इतकाच की, त्या काळचा लोभी यजमान निदान दारात उभा असे.

आम्हा धर्मगुरूंनी दुसऱ्यांना बोल लावण्याआधी आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. संन्यासिनींची संख्या घटली, इमारती मोठ्या व जुन्या झाल्या, छपरांची डागडुजी आवाक्याबाहेर गेली. म्हणून रोममधील अनेक मठांनी आपल्या खोल्या पाहुण्यांसाठी उघडल्या. त्यात दोष नाही. मोजक्या पैशाच्या यात्रेकरूला अशा घरांचा मोठाच आधार असतो. परंतु यात्रेकरूंचे घर कोठे संपते आणि हॉटेल कोठे सुरू होते, ही सीमारेषा बारीक आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये निर्वासितांच्या एका केंद्राला भेट दिली असता पोप फ्रान्सिस यांनी स्पष्टच सांगितले की, रिकामे मठ हॉटेले करून पैसा मिळविण्यासाठी नाहीत; ते निर्वासितांच्या रूपाने आलेल्या ख्रिस्ताच्या देहासाठी आहेत. २०१९ मध्ये त्यांनी ते कृतीत आणले. संत पेत्र चौकाच्या स्तंभावलीला लागून असलेला 'पालात्सो मिल्योरी' हा वाडा धर्मभगिनींनी सोडल्यावर रिकामा झाला होता. अशा जागेचे आलिशान हॉटेल सहज झाले असते. तेथे बेघर माणसांचा निवारा सुरू झाला.

त्याच्याही आधी, १९८८ मध्ये, पोप दुसरे जॉन पॉल यांच्या इच्छेवरून व्हॅटिकनच्या भिंतीलगत निराश्रितांसाठी एक घर उघडण्यात आले होते. 'मरियेचे दान' हे त्याचे नाव. ते चालविण्याचे काम कलकत्त्याच्या मदर तेरेसा यांच्या धर्मभगिनींकडे सोपविण्यात आले. सॅक्सनांनी आपल्या लोकांसाठी घर बांधले, इंग्रजांनी आपल्या, जर्मनांनी आपल्या. त्या यादीत नसलेल्या भारतातून निळ्या काठाची पांढरी साडी नेसलेल्या भगिनी आल्या आणि त्यांनी जे घर चालविले, ते कोणत्याही एका देशाच्या लोकांसाठी नाही.

रोमला निघालेल्या वाचकांना आमचे सांगणे थोडके आहे. शक्य तेथे धर्मभगिनींच्या घरी उतरा; खोली साधी असेल, रात्री दार वेळेवर बंद होईल, पण सकाळच्या मिस्सेची घंटा ऐकू येईल. खोली ठरविताना रात्रीचा दर आणि २०११ पासून महापालिका घेत असलेला मुक्कामाचा कर वेगळा आहे काय, हे विचारून घ्या. बसमध्ये चढताच तिकिटावर शिक्का उमटवून घ्या. जुन्या रोममधील अंतरे फार नाहीत. जमेल तेवढे चाला, कारण ते शहर चालणाऱ्यासाठीच आखलेले आहे. संत आंजेलो पुलावर क्षणभर थांबा आणि १४५० च्या त्या मृतांसाठी एक प्रार्थना म्हणा.

आणि परत आल्यावर आपल्या गावाकडे पाहा. आपल्या वाड्यांतही आता परप्रांतातून पोटासाठी आलेली माणसे भाड्याची खोली शोधीत फिरत आहेत. बेथलेहेमच्या सरायीत जागा मिळाली नाही, ही कथा आपण दर नाताळात गोठा सजवून सांगतो. त्या माणसांकडून आपण भाडे किती घेतो, आणि त्यांचे नाव तरी विचारतो काय, याचा हिशेब नाताळच्या आधी प्रत्येक घरमालकाने आपल्या मनाशी मांडावा.